मुलांच्या रुग्णालयात संसर्ग कसा आटोक्यात ठेवतात

आजारी मोठ्या माणसाला सांगता येते की खोलीतच राहा, मास्क लावा, खोकताना तोंड झाका, कोणाला हात लावू नका. आठ महिन्यांच्या बाळाला यातले काहीच सांगता येत नाही. त्याला दूध पाजावे लागते, लंगोट बदलावा लागतो, नाक साफ करावे लागते, रडले की उचलून घ्यावे लागते. आणि ही कामे आई, आजी, परिचारिका, डॉक्टर, रक्त घेणारा तंत्रज्ञ अशा अनेकांच्या हातून आळीपाळीने होत राहतात. संसर्ग रोखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणे, आणि तोच उपाय मुलांच्या रुग्णालयात अर्ध्यावर अडतो. म्हणून तिथली सारी व्यवस्था एका वेगळ्याच प्रश्नाभोवती उभी असते: स्पर्श तर होणारच, मग त्या स्पर्शाबरोबर जंतू जाणार नाहीत याची तजवीज कशी करायची?

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना तिथे असतानाच किमान एक नवा संसर्ग होतो. हे आकडे सर्व वयांचे आहेत. लहान मुलांच्या वॉर्डात याचे नेहमी दिसणारे रूप म्हणजे न्यूमोनियासाठी दाखल झालेल्या मुलाला चौथ्या दिवशी जुलाब सुरू होणे, किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या बाळाला शेजारच्या खाटेवरची सर्दी लागून शस्त्रक्रियाच पुढे ढकलावी लागणे.

मुलांमध्ये असे काय वेगळे असते

नवजात बाळाला आईकडून नाळेवाटे तयार प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, मिळतात. ती पुढील काही महिन्यांत ओसरत जातात आणि त्याच काळात बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती एकेका जंतूशी ओळख करून घेत घडत असते. या प्रतिपिंडांचा मोठा भाग गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जातो, त्यामुळे अकाली जन्मलेल्या बाळाची ही शिदोरी जन्मतःच अपुरी असते. त्याची त्वचाही इतकी नाजूक असते की चिकटपट्टी काढतानाची जखमसुद्धा जंतूंना आत शिरायला पुरते.

दुसरी बाजू मूल इतरांना किती संसर्ग देते याची आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जाते. बऱ्याच विषाणूंशी मुलाची ही पहिलीच गाठ असते, त्यामुळे मोठ्या माणसापेक्षा ते विषाणू अधिक प्रमाणात आणि अधिक दिवस बाहेर टाकते. श्वसनमार्गाला बाधा करणारा आरएसव्ही हा विषाणू बहुतेकांच्या शरीरातून ३ ते ८ दिवस बाहेर पडतो. पण तान्ह्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलाकडून तो बरे वाटू लागल्यानंतरही चार-चार आठवडे पसरू शकतो. जुलाबांना कारण ठरणारा रोटाव्हायरस १९७३ साली मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. आजारी मुलाच्या एका ग्रॅम शौचात या विषाणूचे अब्जावधी कण असतात, तर नव्या मुलाला बाधा व्हायला शंभराच्या आतलेही पुरतात. लंगोट बदलणारे हात स्वच्छ दिसत असले तरी ते खरोखर स्वच्छ असतीलच असे का म्हणता येत नाही, हे या दोन आकड्यांवरून कळते.

त्यातच लहान मुलांची लक्षणे फसवी असतात. डांग्या खोकल्यात मोठ्या मुलाला खोकल्याची उबळ येते आणि श्वास घेताना तो विशिष्ट आवाज होतो. दोन महिन्यांच्या बाळात यातले काहीच न होता श्वास मध्येच थांबणे एवढेच लक्षण दिसू शकते. रक्तात जंतू पसरलेले नवजात बाळ तापण्याऐवजी गार पडते, दूध ओढेनासे होते, मलूल दिसते. रोगाचे नाव कळेपर्यंत थांबायचे आणि मग खबरदारी घ्यायची, असा क्रम इथे ठेवला तर प्रत्येक वेळी उशीरच होणार.

निदानाच्या आधीची खबरदारी

म्हणून खबरदारी रोगाच्या नावावर न ठेवता लक्षणांवर ठेवली जाते. ताप आणि अंगावर पुरळ, खोकला आणि वाहते नाक, उलट्या-जुलाब, मानेला ताठरपणा आणि ताप: यापैकी काहीही दिसले की तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता त्या लक्षणाला साजेशी काळजी सुरू होते आणि निकाल आल्यावर ती बदलली किंवा थांबवली जाते. हे ठरवणारी पहिली व्यक्ती बहुधा डॉक्टर नसतेच. बाह्यरुग्ण विभागाच्या दारात नोंदणी करणारा कर्मचारी किंवा तिथली परिचारिका दोन-तीन प्रश्न विचारते: पुरळ आहे का, गेल्या तीन आठवड्यांत घरात किंवा शाळेत कोणाला गोवर वा कांजिण्या झाल्या होत्या का, लसी पूर्ण झाल्या आहेत का. माझ्या मते रुग्णालयातल्या कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा या प्रश्नांनी अधिक मुले वाचत असतील, आणि गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी गाळले जातात तेही हेच प्रश्न.

गोवराचे उदाहरण घेतले म्हणजे त्यांचे महत्त्व पटते. प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकांत गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना बाधित करतो. अत्तर लावलेला माणूस निघून गेल्यावरही खोलीत वास रेंगाळतो तसा गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. म्हणजे सकाळी दहा वाजता येऊन गेलेल्या मुलाचा गोवर साडेअकराला त्याच खोलीत बसलेल्या, त्याला कधीही न पाहिलेल्या बाळाला होऊ शकतो. शिवाय पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ते उठल्यानंतर ४ दिवसांपर्यंत मूल संसर्ग पसरवत असते, आणि त्या आधीच्या चार दिवसांत ताप, खोकला, लाल डोळे, वाहते नाक यांपलीकडे काही दिसत नाही. प्रतीक्षालयातल्या निम्म्या मुलांची लक्षणे तीच असतात. पुरळ असलेले मूल दारातच ओळखून वेगळ्या वाटेने थेट खोलीत नेणे आणि बाकीच्यांसाठी लसीकरणावर भिस्त ठेवणे, एवढेच तिथे करता येते.

एक गोवरग्रस्त मूल तासभर प्रतीक्षालयात बसले होते असे संध्याकाळी लक्षात आले, तर पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ते मूल तिथे असताना आणि गेल्यानंतरच्या दोन तासांत त्या जागेत कोण कोण होते याची यादी नोंदवहीवरून काढली जाते, सोबतचे पालक आणि भावंडे धरून. प्रत्येकाच्या लसीची चौकशी होते. लस न घेतलेल्यांना संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळण्याची किंवा सौम्य होण्याची शक्यता असते. लस घेण्याइतके वय नसलेली तान्ही बाळे आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुले यांना सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यावे लागते. एका तासाच्या बसण्यापायी दोन-तीन माणसांचे काही दिवस नुसते फोन करण्यात जातात.

जंतूंच्या तीन वाटा

रुग्णालयात कोणत्या खोलीबाहेर मास्कचे चित्र आहे, कुठे हातमोज्यांचे, आणि कुठे दार बंदच ठेवायचे आहे, हे जंतू कोणत्या वाटेने जातो त्यावर ठरते. पहिली वाट स्पर्शाची: हात, खाट, खेळणी, थर्मामीटर. दुसरी खोकताना-शिंकताना उडणाऱ्या आणि जवळपास पडणाऱ्या तुषारांची. फ्लू, डांग्या खोकला, घटसर्प, मेंदूज्वराचे काही जंतू या वाटेने जातात. तिसरी हवेची, जिच्यात सूक्ष्म कण दूरवर तरंगत जातात; गोवर, कांजिण्या आणि क्षयरोग ही तिची ठळक नावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेमधली सीमा पूर्वी समजत होतो तितकी काटेकोर नाही, हे कोविडच्या साथीने दाखवून दिले आणि २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठीची परिभाषाही नव्याने मांडली. तरीही रोजच्या कामासाठी ही विभागणी उपयोगी पडते, कारण हवेच्या वाटेसाठी खोलीच वेगळी लागते, तर बाकीच्या दोन वाटांवर वागण्यातल्या शिस्तीने बरेच साधते.

खोकल्याचा आजार खोकल्यातूनच पसरत असणार असे कोणालाही वाटेल. हा समज तपासून पाहणारा एक साधा आणि सुरेख प्रयोग कॅरोलाइन हॉल आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट डग्लस यांनी केला आणि १९८१ साली प्रसिद्ध केला. आरएसव्हीने आजारी असलेल्या बाळांजवळ त्यांनी स्वयंसेवकांचे तीन गट पाठवले. पहिल्या गटाने बाळाला कुशीत घेतले, दूध पाजले, कपडे बदलले, म्हणजे नेहमीची सारी काळजी घेतली. दुसऱ्या गटाने बाळ खोलीत नसताना त्याच्या खाटेला आणि वस्तूंना हात लावला आणि मग तोच हात स्वतःच्या नाकाला व डोळ्यांना लावला. तिसरा गट बाळाच्या खाटेपासून सहा फुटांहून अधिक अंतरावर तीन तास नुसता बसून राहिला. कुशीत घेणाऱ्या ७ जणांपैकी ५ जणांना बाधा झाली, वस्तूंना हात लावणाऱ्या १० पैकी ४ जणांना झाली, आणि नुसत्या बसलेल्या १४ जणांपैकी एकालाही झाली नाही.

गट लहान होते, तरी या प्रयोगाने वॉर्डातल्या कामाची दिशा बदलली. ज्या बाळाला कुणी हातही लावला नाही त्याच्या खाटेवरून आजार आला, आणि स्वयंसेवकाच्या स्वतःच्याच बोटांनी तो त्याच्या नाका-डोळ्यांपर्यंत पोहोचवला. त्यामुळे श्वासनलिकांना सूज आलेल्या बाळांच्या वॉर्डात मास्कइतकाच, काही वेळा त्याहून अधिक, भर हात आणि पृष्ठभाग यांवर दिला जातो. खाटेचा कठडा, सलाईनच्या यंत्राची बटणे, ऑक्सिजन मोजणारी बोटावरची चिमटी, दाराची मूठ, मोबाइल: आरएसव्ही अशा कठीण पृष्ठभागांवर काही तास तग धरतो.

हात धुण्याची अवघड गोष्ट

हात स्वच्छ ठेवावेत हे ज्यांना सांगावे लागत नाही असे लोकच रुग्णालयात काम करतात, आणि तरीही ते दर वेळी घडत नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिटे यांच्या गटाने १९९४ ते १९९७ या काळात प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा सुरुवातीला हात स्वच्छ करायला हवेत अशा प्रसंगांपैकी केवळ ४८ टक्के प्रसंगी ते केले जात होते. प्रत्येक खाटेजवळ अल्कोहोलचा द्रव ठेवून आणि सातत्याने आठवण देऊन ते प्रमाण ६६ टक्क्यांवर आले आणि रुग्णालयातील संसर्गही त्याबरोबर घटले. प्रश्न वेळेचा होता. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात आणि बेसिनपर्यंत चालत जावे लागते. अल्कोहोल चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात आणि तो हाताशी असतो. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेला तासाभरात कितीतरी वेळा हे करावे लागते, त्यामुळे हा फरक शेवटी दिवसाचा मोठा हिस्सा वाचवतो.

मात्र अल्कोहोल सर्वत्र चालत नाही. हात उघड घाण झाले असतील तर, किंवा नोरोव्हायरससारखे जुलाब-उलट्यांचे काही विषाणू असतील तर, साबण आणि वाहते पाणीच लागते. मुलांच्या वॉर्डात लंगोटामुळे अशी वेळ वारंवार येते. हातमोज्यांबद्दलचा एक गैरसमजही इथेच दूर करायला हवा. तेच मोजे घालून एका बाळाकडून दुसऱ्याकडे गेलेला माणूस उघड्या हातांच्या माणसाइतकाच जंतू वाहतो, किंबहुना मोजे आहेत या विश्वासाने तो अधिक बेफिकीर असतो. मोजे काढल्यावरही हात स्वच्छ करावेच लागतात.

खोल्या, भिंती आणि जाळ्या

पॅरिसमध्ये १८०२ साली केवळ मुलांसाठी रुग्णालय सुरू झाले आणि नंतरच्या काळात तसे इतरत्रही निघाले, तेव्हा आजारी मुले एकत्र आणल्यामुळे गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांच्या साथी वॉर्डातच भडकू लागल्या. त्याच पॅरिसच्या रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाक-जोसेफ ग्रांशे या डॉक्टरांनी संसर्गजन्य मुलांच्या खाटांभोवती तारेच्या जाळ्या उभ्या केल्या. जाळीने हवा अडत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांचा रोख स्पर्शावर होता: जाळी ओलांडताना डॉक्टर आणि परिचारिका थबकतील, त्यांना हात धुण्याची, अंगरखा बदलण्याची आठवण होईल. आजच्या वॉर्डात खाटेभोवती जमिनीवर आखलेली रंगीत रेघ किंवा दारावरचा पिवळा फलक हे काम करतो, आणि त्याच्यापुढेही मर्यादा तीच असते: ज्याला थबकायचे नाही तो थबकत नाही.

हवेतून जाणाऱ्या रोगांसाठी मात्र रेघ पुरत नाही. त्यासाठी ऋण दाबाची खोली लागते, म्हणजे अशी खोली की जिथली हवा यंत्राने सतत बाहेर ओढली जाते, त्यामुळे दार उघडले तरी वॉर्डातली हवा आत येते, आतली वॉर्डात जात नाही. नव्या बांधकामात अशा खोलीतली हवा तासाला किमान १२ वेळा बदलली जावी असा दंडक आहे. याच्या नेमकी उलट व्यवस्था अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलांसाठी असते. तिथे गाळलेली हवा आत दाबून भरली जाते, जेणेकरून बाहेरचे काही आत येऊ नये. रुग्णालयाच्या आवारात भिंत पाडण्याचे काम निघाले की या मुलांची काळजी सर्वांत आधी घ्यावी लागते, कारण बांधकामाच्या धुळीबरोबर ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू उडतात आणि त्यांना ती जीवघेणी ठरते. ज्या रुग्णालयात ऋण दाबाची खोली नाही तिथे निदान दार बंद असलेली, उघड्या खिडकीची स्वतंत्र खोली आणि तिथे जाणारे केवळ गोवर किंवा कांजिण्यांपासून संरक्षित असलेले कर्मचारी, एवढे तरी पाळता येते.

एकेकटी खोली सर्वांना मिळत नाही, हे कोणत्याही रुग्णालयाचे वास्तव आहे. श्वसनाच्या आजारांचा हंगाम आला की एकाच रोगाची मुले एका कक्षात ठेवली जातात. हा उपाय उपयोगी आहे, पण त्यात एक सापळा आहे. दोन बाळे सारखीच खोकतात म्हणून शेजारी ठेवली, आणि एकाला आरएसव्ही व दुसऱ्याला फ्लू निघाला, तर घरी जाताना दोघांकडेही दोन्ही असू शकतात. म्हणून मुलांना असे एकत्र करण्याआधी तपासणी व्हावी लागते, आणि ती होईपर्यंत खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर आणि मध्ये पडदा ठेवून दिवस काढावे लागतात.

नळ्या, पाणी आणि दूध

आतापर्यंत सांगितलेले संसर्ग एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाणारे होते. अतिदक्षता विभागात दुसराच प्रकार अधिक घातक ठरतो: उपचारासाठी घातलेल्या नळीवाटे जंतू थेट रक्तात, फुप्फुसात किंवा मूत्रमार्गात उतरणे. मोठ्या रक्तवाहिनीत घातलेली नळी लहान मुलांत अनेक दिवस, कधी कधी आठवडे ठेवावी लागते, कारण त्यांच्या बारीक शिरा पुन्हा पुन्हा सापडत नाहीत. त्या नळीच्या तोंडाशी औषधे, दूधाऐवजी दिली जाणारी पोषणद्रव्ये, रक्ताचे नमुने यांसाठी दिवसातून कितीतरी वेळा जोडणी उघडली जाते. अमेरिकेतल्या २९ बाल अतिदक्षता विभागांनी नळी घालण्याची आणि घातल्यानंतर ती सांभाळण्याची ठरावीक पद्धत एकत्र राबवली, तेव्हा रक्तातले असे संसर्ग ४३ टक्क्यांनी घटले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या कामातला लक्षणीय निष्कर्ष असा की मुलांच्या बाबतीत मुख्य फरक रोजच्या सांभाळण्याने पडला. म्हणजे जोडणी उघडण्याआधी तिचे तोंड जंतुनाशकाने चांगले घासणे, ओली किंवा सुटलेली पट्टी लगेच बदलणे आणि दर सकाळच्या राउंडला एकच प्रश्न विचारणे: ही नळी आज काढता येईल का?

पाण्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. २०११ च्या डिसेंबरपासून २०१२ च्या जानेवारीपर्यंत उत्तर आयर्लंडमधल्या नवजात अतिदक्षता विभागांत स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग होऊन चार बाळे दगावली. जंतूंचा माग काढता तो विभागातल्या नळांच्या तोट्यांपर्यंत गेला. तोटीच्या आतल्या भागांवर जंतूंचा बुळबुळीत थर साचलेला होता आणि हात धुण्यासाठी सोडलेले पाणीच त्यांना बाहेर आणत होते. त्यानंतर अशा विभागांत बाळांना पुसण्यासाठी निर्जंतुक पाणी वापरणे, नळांच्या पाण्याची नियमित तपासणी करणे आणि बेसिनमध्ये उरलेले दूध किंवा औषध न ओतणे यांवर भर आला. ज्या नळावर आपण स्वच्छतेसाठी जातो तोच जंतूंचे घर ठरावा ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे खरी, पण तिच्यामुळेच संसर्ग नियंत्रण पथकात आता प्लंबरचीही गाठ घ्यावी लागते.

दुधाचे तसेच आहे. डब्यातली दुधाची पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असतो आणि नवजात बाळाला त्याने मेंदूज्वर होऊ शकतो. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटना ही पावडर ७० अंश सेल्सियसपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात कालवायला आणि मग दूध निववून लगेच पाजायला सांगते. आईचे दूध हा अर्थातच यावरचा सर्वांत चांगला उपाय, आणि बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवण्याची पद्धत तर कमी वजनाच्या बाळांमधले गंभीर संसर्ग कमी करते असे दिसून आले आहे. स्पर्श हा नेहमी धोकाच असतो असे नाही, हे ध्यानात ठेवण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरे.

प्रतिजैविके कधी थांबवायची

मलूल नवजात बाळाला संसर्ग आहे की नाही हे पहिल्या तासात ठरवता येत नाही आणि थांबणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे रक्ताचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यात जंतू वाढतात का हे पाहण्याच्या तपासणीसाठी, घेऊन लगेच प्रतिजैविक सुरू करणे योग्यच असते. चूक बहुधा नंतर होते. बहुतेक कल्चरमध्ये जंतू असतील तर ते ३६ ते ४८ तासांत वाढू लागतात. तोवर काही उगवले नाही आणि बाळ टवटवीत असेल, तर औषध थांबवायला हवे. पण सुरू केलेले औषध थांबवायला सुरू करण्यापेक्षा अधिक धैर्य लागते, आणि ‘आणखी पाच दिवस देऊन टाकू’ हा मार्ग सोपा वाटतो. त्याची किंमत त्याच वॉर्डातल्या पुढच्या बाळाला मोजावी लागते, कारण औषधाला न जुमानणारे जंतूच मागे उरतात आणि हातांवरून पुढे जातात. यासाठी अनेक रुग्णालयांत दुसऱ्या दिवसाअखेरीस प्रत्येक प्रतिजैविकाचा फेरविचार करणे बंधनकारक केलेले असते.

आई-वडील, भेटीला येणारे आणि खेळणी

मुलासोबत आई किंवा वडील राहणे हा उपचाराचाच भाग आहे, त्यामुळे त्यांना पाहुणे समजून चालत नाही. वॉर्डातले सर्वाधिक स्पर्श त्यांच्याच हातून होतात. हात कधी स्वच्छ करायचे, शेजारच्या खाटेवरचे रडणारे बाळ मायेने का उचलायचे नाही, वापरलेला लंगोट कुठे टाकायचा, हे त्यांना दाखल होतानाच शांतपणे समजावून सांगितले तर पुढचे कितीतरी प्रश्न उद्भवत नाहीत. स्वतःच्या मुलाला उचलताना त्यांनी मोजे घालण्याची सहसा गरज नसते. खोलीबाहेर पडताना हात स्वच्छ करणे पुरते. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्क लावू नये, त्याचा श्वास कोंडू शकतो.

क्षयरोगाच्या बाबतीत तर चित्र उलटेच असते. लहान मुलाच्या खोकल्यातून क्षयाचे जंतू सहसा फारसे बाहेर पडत नाहीत. पण त्याला तो आजार घरातल्याच कोणा मोठ्या माणसाकडून झालेला असण्याची शक्यता दाट असते, आणि तो माणूस कदाचित खाटेशेजारी बसलेला असतो. त्यामुळे अशा मुलाबरोबर येणाऱ्यांची आधी तपासणी केली जाते. डांग्या खोकल्यातही तान्ह्या बाळाला आजार देणारे अनेकदा आई-वडील किंवा मोठे भावंड निघते.

खेळणी वॉर्डातून हद्दपार करणे सोपे आहे, पण आठ दिवस एकाच खोलीत अडकलेल्या तीन वर्षांच्या मुलाकडे पाहिले की ते योग्य वाटत नाही. धुता येणारी, सपाट पृष्ठभागाची खेळणी ठेवायची, प्रत्येक मुलानंतर ती स्वच्छ करायची, मऊ बाहुल्या एकाच्याच मालकीच्या ठेवायच्या आणि आत पाणी साचून राहणारी आंघोळीची खेळणी टाळायची, असा मध्यममार्ग बहुतेक ठिकाणी असतो. विलगीकरणातल्या मुलाकडे डॉक्टर आणि परिचारिका कमी वेळा जातात हेही ओघाने घडते, कारण दर वेळी गाऊन चढवावा लागतो. त्यामुळे विलगीकरण गरजेपेक्षा एक दिवसही जास्त लांबू न देणे हेही संसर्ग नियंत्रण पथकाचेच काम आहे. मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकस जंतूसाठी योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यावर २४ तास, डांग्या खोकल्यासाठी ५ दिवस, कांजिण्यांसाठी सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, अशा मुदती ठरलेल्या असतात.

कर्मचाऱ्यांबद्दल थोडक्यात: गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी आणि दरवर्षी फ्लू यांच्या लसी त्यांनी घेतलेल्या असाव्यात, आणि सर्दी-ताप किंवा जुलाब असताना घरी राहिल्याबद्दल त्यांचा पगार कापला जाऊ नये. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. पगार जाईल या भीतीने औषध घेऊन कामावर आलेली परिचारिका नवजात विभागात काय पोहोचवेल हे वेगळे सांगायला नको.

संपर्कात आलेली, पण अजून आजारी नसलेली मुले

सर्वांत चिवट प्रश्न या मुलांचा असतो. समजा, शस्त्रक्रियेनंतर विश्रांती घेत असलेल्या मुलाच्या शेजारच्या खाटेवर कांजिण्यांचे निदान झाले. या मुलाला कांजिण्या झालेल्या नाहीत, लसही घेतलेली नाही. आज ते कोणालाही संसर्ग देणार नाही. मात्र संपर्कानंतरच्या आठव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत कधीही देऊ शकते, कारण फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच कांजिण्या पसरू लागतात. त्याला संरक्षक प्रतिपिंडांचे इंजेक्शन दिले असेल तर ही मुदत २८ दिवसांपर्यंत लांबते, कारण इंजेक्शन आजार रोखू शकले नाही तरी त्याला उशीर लावते.

अशा वेळी पहिला विचार होतो तो त्याला लवकर घरी पाठवता येईल का हा. येत असेल तर आठव्या दिवसाच्या आतच पाठवतात. येत नसेल तर आठव्या दिवशी त्याची खोली बदलते आणि कांजिण्या होऊन गेलेले किंवा लस घेतलेले कर्मचारीच त्याच्याकडे जातात. घरी जाणाऱ्या मुलाच्या कागदावर संपर्काची तारीख, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लक्ष ठेवायचे, घरात कोणी गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले माणूस असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आजच कळवायचे, या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात. टाके काढण्याची तारीख याच मुदतीत पडत असेल, तर येण्याआधी दूरध्वनी करायचा आणि प्रतीक्षालयात न थांबता सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या दारानेच आत यायचे, हेही त्याच कागदावर असते.